गुप्त लिपि आणि तिची किल्ली

वाशीम हें आज वऱ्हाडांतील एका जिल्ह्याचें मुख्य ठिकाण आहे. हा जिल्हा १९९८ सालच्या १ जुलैस अकोला जिल्ह्यांतून वेगळा निघाला. तेव्हां कारभाराच्या हिशेबानें तो अगदींच तरुण म्हटला पाहिजे. गांव मात्र फार जुनें. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी जें वत्सगुल्म, तें हेंच होय. राजशेखरानें आपल्या काव्यमीमांसेंत काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरांत लावून दिला आहे. यावरून विद्वानांच्या मनांत या नगराचें स्थान केवढें होतें तें दिसतें. कामसूत्रांतही वत्सगुल्मकांचा उल्लेख येतो. परंतु तो तेथील राजाच्या अंतःपुरासंबंधीं आहे, आणि घरोघर ऐकल्या जाणाऱ्या नभोवाणीवरून त्याचा विस्तार करण्याचें कारण नाहीं. ज्या ग्रंथांत हा उल्लेख आहे त्याच ग्रंथाच्या आरंभीं चौसष्ट कलांची यादी दिलेली आहे, आणि तिच्यांत म्लेच्छितविकल्प नांवाची एक कला सांगितली आहे. संकेतानें लिहिण्याची आणि तसें लिहिलेलें वाचण्याची ती कला. आजच्या माझ्या भाषणाचा विषय तीच कला आहे; किंवा अधिक नेमकें सांगावयाचें तर तिच्यांतील एक लहानसा पण अति अवघड भाग. संकेताची किल्ली दुसऱ्याच्या हातीं सुरक्षित कशी पोंचवावी?

कामसूत्रावर जयमंगला नांवाची टीका लिहिणाऱ्या यशोधरानें या कलेचे कांहीं प्रकार उलगडून दाखविले आहेत. त्यांपैकीं एक मूलदेवाच्या नांवावर चालतो. त्यांत अक्षरांच्या जोड्या लावलेल्या असतात. अ आणि क यांची अदलाबदल; ख आणि ग, घ आणि ङ यांची तशीच; च च्या जागीं ट, त च्या जागीं प, न च्या जागीं म, आणि उलटही. या रीतीनें 'गनीम' हा शब्द 'खमीन' असा लिहिला जाईल आणि 'तट' हा 'पच' होऊन बसेल. आज शाळकरी मुलेंही असे खेळ खेळतात व एकमेकांचे संकेत दुपारच्या सुटींत फोडून मोकळीं होतात. कारण उघड आहे. अक्षराचा वेष बदलला तरी त्याची संवय बदलत नाहीं. भाषेंत जें अक्षर वारंवार येतें, तें वेषांतर करूनही वारंवारच येतें. आणि ही चाल ओळखून कोणतीही बदल-लिपि फोडतां येते, हें बगदादच्या अल् किंदीनें नवव्या शतकांतच लिहून ठेविलें.

कौटिल्यानें हेरांच्या बातम्या संज्ञालिपीनें पाठवाव्या असें सांगितलें आहे. राजनीतीच्या ग्रंथांत तें शोभतें. पण येथें एक प्रश्न उभा राहतो. हेरानें संज्ञालिपींत पत्र लिहिलें. तें ज्याच्याकडे जावयाचें, त्याला ती लिपि आधीं ठाऊक असली पाहिजे. ती त्याला कोणी व केव्हां सांगितली? समोरासमोर सांगितली असल्यास ठीक. परंतु दोघांमध्यें शंभर कोसांचें अंतर असेल आणि मध्यें शत्रूचा मुलूख असेल, तर किल्लीही जासुदाबरोबरच पाठवावी लागणार. आणि जासूद पकडला गेला म्हणजे कुलूप व किल्ली हीं दोन्ही एकाच झोळींत सांपडणार. १८८३ सालीं ऑगस्ट केर्कहॉफ्स या पंडितानें सैनिकी गुप्तलेखनाविषयीं लिहितांना असा नियम घालून दिला कीं, लिहिण्याची पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी चालली पाहिजे. गुप्त राहावयाची ती फक्त किल्ली. हा नियम पुढें सर्वमान्य झाला, आणि त्यामुळें किल्लीच्या प्रवासाचा प्रश्न अधिकच ठळक झाला.

गुप्ततेच्या जोडीला दुसरी एक गरज असते, तिचाही येथें उल्लेख केला पाहिजे. पत्र कोणी वाचूं नये ही एक गरज. पत्र खरोखरच त्या माणसाचें आहे कीं नाहीं हें कळावें, ही दुसरी. वाकाटकांचे ताम्रपट बहुधा 'दृष्टम्' या शब्दानें सुरू होतात. 'पाहिलें', म्हणजे मूळ लेख तपासला, असा त्याचा भाव. खुद्द वाशीम येथें १९३९ सालीं दुसऱ्या विंध्यशक्तीचे, त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षाचे, ताम्रपट सांपडले. वंशावळ संस्कृतांत आणि दानाचा व्यवहार प्राकृतांत, अशी त्यांची गंमतीची रचना आहे. त्यांच्यावर पुढें महामहोपाध्याय मिराशी यांनीं विस्तारानें लिहिलें. दान उघड होतें. तें लपविण्याचें कारणच नव्हतें. पण तें बनावट नव्हे याची खात्री मात्र हवी होती. शिवकाळांतील पत्राच्या अखेरीस उठविलेली मर्यादेची मोर्तब हेंच काम करी. तिच्या पुढें कोणी एक ओळ वाढविली तर ती ओळ मोर्तबेच्या बाहेर पडे व चोरी उघडकीस येई. मोर्तब आणि किल्ली हीं दोन निराळीं साधनें आहेत, आणि एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं, एवढें ध्यानांत असूं द्यावें. कारण आजचे पुष्कळ विद्वान् व्यापारी हें विसरतात.

महाराष्ट्रांत गुप्त लिपीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दीर्घ प्रयोग राजांनीं केला नाहीं. तो केला संन्याशांनीं. महानुभाव पंथाचे मुख्य क्षेत्र रिद्धपूर हें वऱ्हाडांतलेंच. श्रीचक्रधरांच्या पश्चात् त्यांच्या अनुयायांनीं जे मराठी ग्रंथ लिहिले, ते चौदाव्या शतकापासून पंथांतील मंडळी सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत उतरवूं लागली. या लिप्यांची घडण पाहतां मूलदेवाच्या युक्तीहून त्या फार दूरच्या नाहींत. अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरें चिन्ह, एवढेंच त्यांचें सूत्र. असें असूनही सहाशें वर्षें त्या टिकल्या. पंथाचे मठ पंजाबांत आणि त्याहीपलीकडे काबूलपर्यंत गेले. त्या दूरदेशींही पोथी गेली कीं ती वाचणारा सांपडे. हें कशानें साधलें? किल्ली कधीं कागदावर प्रवासाला निघाली नाहीं, यानें. ती गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानीं गेली. ज्याला दीक्षा मिळाली त्याला किल्ली मिळाली. किल्ली वाटण्याची इतकी बळकट व्यवस्था कोणत्याही सरकारला आजवर उभारतां आलेली नाहीं, असें म्हणावयास हरकत नसावी.

परंतु या व्यवस्थेची किंमतही मोठी होती, आणि ती पंथाइतकीच मराठी भाषेनेंही भरली. लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. तो शतकानुशतकें मराठी वाचकाच्या दृष्टीआड राहिला. पंथाबाहेरच्यांना पोथ्या वाचतां येत नसल्यामुळें पंथाविषयीं नाना कुतर्क उठले. जें वाचतां येत नाहीं त्यांत कांहींतरी वाईट असलेंच पाहिजे, असें समजणें हा मनुष्यस्वभाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे आणि भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या परिश्रमानें, आणि कांहीं महंतांच्या उदार सहकार्यानें, या लिप्यांचा उलगडा झाला, आणि वाङ्मयाच्या इतिहासांत एक नवें दालन उघडलें. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे यांनीं महानुभाव वाङ्मयाचा परिचय ग्रंथरूपानें करून दिला. वाशीमचे ताम्रपट प्रथम विद्वानांपुढें मांडणाऱ्यांतही तेच होते. ज्या हातांनीं गुप्त पोथ्या हाताळल्या, त्याच हातांनीं वत्सगुल्माचे उघडे लेखही वाचावे, हा योगायोग मला फार आवडतो.

आतां थोडें परदेशांत जाऊं. अमेरिकेंतील गिल्बर्ट व्हर्नाम या तारायंत्राच्या अभियंत्यानें १९१७ सालीं एक युक्ति काढिली. संदेशांतील प्रत्येक खुणेंत किल्लीची एक खूण मिसळावयाची आणि पलीकडे तीच पुन्हां वजा करावयाची. किल्ली संदेशाइतकीच लांब असेल, ती निव्वळ योगायोगानें बनविलेली असेल, आणि एकदां वापरल्यावर ती जाळून टाकली जाईल, तर असा संदेश कोणत्याही बुद्धीला फुटणार नाहीं. क्लॉड शॅनन यानें १९४९ सालीं याची गणिती सिद्धताच दिली. मग सर्वांनीं तीच युक्ति कां वापरली नाहीं? पुन्हां तोच प्रवासाचा प्रश्न. जेवढें बोलावयाचें तेवढी लांब किल्ली आधीं पोंचवावयाची! १९६३ सालीं वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यामध्यें थेट तारायंत्र सुरू झालें, तेव्हां अशा किल्ल्यांच्या फिती वकिलातींमार्फत हातोहात पोंचविल्या जात. आणि १९४२ च्या सुमारास रशियाच्या छापखान्यांत घाईनें कांहीं किल्ल्या दोनदां छापल्या गेल्या, तर तेवढ्या फटींतून अमेरिकनांनीं त्यांचे कित्येक संदेश वाचून काढिले. सिद्धतेंत खोट नव्हती. खोट छापखान्यांत होती.

१९७६ सालीं डिफी आणि हेलमन यांनीं उघड्या बाजारांत बोलूनही दोघांना एक गुप्त संख्या ठरवितां येईल अशी गणिती रीति दाखविली. पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांची मोठ्या संख्यांच्या अवयवांवर आधारलेली पद्धति निघाली. जगाचा सगळा पैशाचा व्यवहार पुढें अशाच रीतींवर चालूं लागला. या रीतींचा आधार एकच: कांहीं गणितें उलट दिशेनें सोडविण्यास अति कठीण असतात. कठीण म्हणजे अशक्य नव्हे. १९९४ सालीं पीटर शोर यानें दाखवून दिलें कीं, पुंजसिद्धान्तावर चालणारें मोठें गणकयंत्र जर कधीं बनलें, तर तीं गणितें त्याला सोपीं जातील. तसें मोठें यंत्र अद्याप बनलेलें नाहीं. पण आजचे संदेश आज चोरून सांठवून ठेवावे आणि यंत्र बनेल त्या दिवशीं उघडावे, असें करण्यास चोराला कोणाचीच आडकाठी नाहीं.

पुंजसिद्धान्तानें जें भय निर्माण केलें, त्याच सिद्धान्तांत त्याचा एक उतारा आधींच निघालेला होता. १९७९ च्या ऑक्टोबरांत पोर्टो रिको बेटाच्या किनाऱ्यावर जिल्स ब्रासार हा तरुण गणिती समुद्रांत पोहत असतां चार्ल्स बेनेट नांवाचा एक अनोळखी गृहस्थ पोहत त्याच्याजवळ आला आणि पुंजांच्या साहाय्यानें खोट्या न करतां येणाऱ्या नोटांविषयीं बोलूं लागला. मूळ कल्पना स्टीफन वीस्नर याची. त्या पाण्यांतल्या संभाषणांतून पांच वर्षांनीं जो निबंध जन्मास आला, तो वाचला गेला कोठें? आपल्या बंगळूरांत, १९८४ च्या डिसेंबरांत, एका आंतरराष्ट्रीय परिषदेंत. ब्रासार याला तेथें आवडेल त्या विषयावर बोलण्याचें निमंत्रण होतें, म्हणून ही नवी व बहुतेकांना विचित्र वाटणारी कल्पना तेथें मांडतां आली. आज ती पद्धति दोघांच्या आद्याक्षरांनीं व त्या सालानें ओळखली जाते.

तिचें सूत्र असें. प्रकाशाचा एकेक कण ठराविक दिशेनें कंप पावतो. पाठविणारा प्रत्येक कण उभा-आडवा या जोडींतला किंवा दोन तिरप्यांच्या जोडींतला असा, स्वैरपणें निवडून, पाठवितो. घेणाराही प्रत्येक वेळीं स्वैरपणें एक जोडी निवडून मोजतो. मागाहून दोघे उघडपणें एकमेकांस जोड्या सांगतात, माप सांगत नाहींत. जेथें जोड्या जुळल्या तेवढे अंक ठेवतात, उरलेले टाकून देतात. मध्यें कोणी चोर बसला असेल तर त्याला कण मोजल्यावांचून कांहीं कळणार नाहीं, आणि चुकीच्या जोडीनें मोजला कीं कण बिघडेल. कणाची हुबेहूब नक्कल करून ठेवावी म्हटलें तर तेंही निसर्गास मान्य नाहीं. हें १९८२ सालीं सिद्ध झालें. चोरानें प्रत्येक कण अडवून पुढें पाठविला, तर ठेवलेल्या अंकांपैकीं सुमारें चौथा हिस्सा चुकलेला निघतो. दोघांनीं कांहीं अंक ताडून पाहिले कीं चोरी समजते आणि ती किल्ली फेकून देतां येते. लक्षांत घ्या, येथें चोरी थांबत नाहीं, ती कळते. आणि किल्ली चोरीला गेली हें ती वापरण्याच्या आधींच कळलें, तर नुकसान कांहींच नाहीं.

पहिला प्रत्यक्ष प्रयोग १९८९ सालीं झाला. अंतर किती? हातभरसुद्धां नव्हे, सुमारें ३२ सेंटिमीटर. त्या यंत्राचे विद्युद्भाग कणाची दिशा बदलतांना निरनिराळे आवाज करीत. म्हणून, आमची गुप्तता फक्त बहिऱ्या चोरापासून सुरक्षित होती, असें ब्रासार यानेंच पुढें थट्टेनें सांगितलें.

आणि मोर्तबेचें काय? तेंच सांगावयाचें आहे. दोघे जेव्हां उघडपणें जोड्या ताडून पाहतात, तेव्हां पलीकडचा आवाज खऱ्याच माणसाचा आहे, ही खात्री पुंजसिद्धान्त देत नाहीं. मध्यें बसलेला लबाड दोन्ही बाजूंना दुसऱ्याचें सोंग घेऊन बोलला, तर प्रकाशकण बिचारे काय करणार? त्यासाठीं दोघांपाशीं आरंभीं थोडी तरी सामायिक गुप्त खूण असावीच लागते. महानुभावाचा शिष्य गुरूला चेहऱ्यानें ओळखी. यंत्राला चेहरा नसतो.

आतां आपल्या खिशांतल्या मोबाईलकडे वळूं. वाशीमच्या बाजार समितींत सोयाबीन विकून शेतकरी घरीं निघतो आणि पैसे जमा झाल्याचा निरोप त्याच्या मोबाईलवर येतो. त्या निरोपाचें रक्षण करणारी पहिली किल्ली सिम कार्डांत असते. कार्ड बनतें तेव्हांच १२८ द्विमान अंकांची एक गुप्त संख्या त्यांत कोरली जाते आणि तिची दुसरी प्रत कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रांत राहते. ही संख्या हवेंतून कधींच जात नाहीं. कंपनी एक आडाखा विचारते. कार्ड त्या संख्येच्या आधारें उत्तर काढतें. उत्तर जुळलें कीं त्यावरून त्या वेळेपुरती किल्ली बनते. म्हणजे किल्ली हातोहात देण्याची जुनीच रीति! दुकानांतून कार्ड घेऊन घरीं जाणारा माणूस हाच येथें जासूद. दुसऱ्या पिढीच्या मोबाईल जाळ्यांत एक वैगुण्य होतें: मोबाईल मनोऱ्यापाशीं स्वतःची ओळख पटवी, पण मनोरा मोबाईलपाशीं पटवीत नसे. खोटा मनोरा उभारणाऱ्यांचें त्यामुळें फावलें. तिसऱ्या पिढींत ही मोर्तब दोन्ही बाजूंनीं लागूं लागली.

प्रकाशकणांची किल्ली थेट या मोबाईलपर्यंत आणतां येईल काय? आजच्या ज्ञानाप्रमाणें सामान्य वापरांत नाहीं. मोबाईलच्या रेडिओलहरीचा एक पुंज हा तंतूंतून जाणाऱ्या प्रकाशकणाच्या सुमारें लाखाव्या हिश्श्याएवढ्या ऊर्जेचा. सभोंवारच्या साध्या उष्णतेच्या गोंगाटांत तो कोठल्या कोठें हरवतो. म्हणून दोन वाटा उरतात. एक, मनोऱ्यांना जोडणाऱ्या कांचतंतूंत प्रकाशकणांनीं किल्ल्या वाटाव्या व शेवटचा हवेंतला टप्पा गणिती रीतींवर सोपवावा. त्या कामासाठीं नव्या गणिती पद्धतींचे पहिले प्रमाणित नमुने अमेरिकेच्या मानकसंस्थेनें ऑगस्ट २०२४ मध्यें प्रसिद्ध केले. दुसरी वाट, किल्लीसाठीं लागणारा निखळ योगायोग पुंजांपासून मिळवावा. आपण कवड्या टाकतों. पण कवडीला घासलेली बाजू असूं शकते. प्रकाशकण आरपार जाईल कीं परावृत्त होईल, यांत मात्र कोणाचा हात नाहीं. २०२० सालीं दक्षिण कोरियांत असा योगायोग निर्माण करणारी चकती बसविलेला मोबाईल बाजारांत आला, त्याच्यामागें एस. के. टेलिकॉम ही कंपनी होती. पुढें एप्रिल २०२५ मध्यें त्याच कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रांतून दोन कोटींहून अधिक ग्राहकांच्या सिम कार्डांच्या माहितीची चोरी उघडकीस आली, आणि तींत त्या गुप्त संख्याही होत्या. कार्डें बदलून देण्याची पाळी कंपनीवर आली. किल्ली किती शुद्ध योगायोगानें घडविली होती, हा प्रश्न तेथें कोणी विचारला नाहीं; दुसरी प्रत कोठें ठेविली होती, हाच विचारला.

भारतांतही हें काम चालू आहे. डिसेंबर २०२० मध्यें हैदराबादेस संरक्षण संशोधन संघटनेच्या दोन प्रयोगशाळांमध्यें प्रकाशकणांनीं किल्ली पाठविण्यांत आली. मार्च २०२१ मध्यें अहमदाबादेस इस्रोनें उघड्या हवेंतून ३०० मीटरांवर तें साधलें. फेब्रुवारी २०२२ मध्यें प्रयागराज ते विंध्याचल असा शंभर किलोमीटरांहून लांब टप्पा, आधींच पुरलेल्या व्यापारी तंतूंतून, गांठला गेला. त्यांत दिल्लीची आय. आय. टी. सहभागी होती. एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें ६,००३.६५ कोटी रुपयांचें राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलें. २,००० किलोमीटरांवर शहरांशहरांमध्यें अशी किल्ली वाटणें हें त्याच्या उद्दिष्टांपैकीं एक आहे.

अंतराचा हिशेब मात्र निष्ठुर आहे. कांचतंतूंत शंभर किलोमीटरांनंतर शंभरांतला एखादाच कण शिल्लक राहतो, आणि त्याची नक्कल करून त्याला बळ देतां येत नाहीं, कारण नक्कल न होणें हेंच तर त्याचें भांडवल. म्हणून वाटेंत चौक्या बसवाव्या लागतात. चीननें बीजिंग ते शांघाय हा सुमारें २,००० किलोमीटरांचा मार्ग २०१७ सालीं उभारला, त्यांत अशा ३२ चौक्या आहेत. प्रत्येक चौकींत किल्ली क्षणभर उघडी होते आणि पुढच्या टप्प्यासाठीं पुन्हां बंद होते. वाशीमहून अकोल्याचें अंतर सुमारें ८० किलोमीटर. तेवढा पल्ला एका उडीत जाईल. नागपूर मात्र दोनशें किलोमीटरांहून दूर. तेव्हां वाटेंत कारंजापाशीं किंवा अमरावतीपाशीं एखादी चौकी बसवावीच लागेल. त्या चौकीच्या खोलीला जें कुलूप लागेल तें साधें लोखंडी असेल, आणि त्याची किल्ली कोणातरी माणसाच्या कमरेला असेल.